मुलांच्या हातीं सुया

विणकाम हें मुलींचेंच काम, अशी आमच्या कांहीं पालकांची समजूत अजून आहे. विणकाम शिकूं लागलेल्या एका मुलानें आपल्या सुया दप्तराच्या तळाशीं लपविलेल्या आम्हीं पाहिल्या, तेव्हां आम्हांस वाईट वाटलें. पेरू देशांत, तितिकाका सरोवरांतील ताकिले बेटावर, सुयांवर टोप्या विणतात ते पुरुषच. आणि तेथील वस्त्रकलेचा युनेस्कोनें २००५ सालीं गौरव केला आहे.

प्रारंभ मात्र गळपट्ट्यानें करूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. तो लांबतच जातो आणि मूल कंटाळतें. त्यापेक्षां टोपी बरी. जाड लोकर व ८ मिलिमीटरच्या दोन सुया घ्याव्या. १० सेंटिमीटरांत १२ टाके बसत असतील तर ६० टाके घालावे. रुंदी ५० सेंटिमीटर भरते. प्रत्येक ओळ सुलटच विणावी. ही वीण ताणली जाते, म्हणून मोठ्या माणसाच्या डोक्यालाहि टोपी बसते. उंची सुमारें २३ सेंटिमीटर झाली म्हणजे टाके बंद न करितां लोकरीचा धागा बोथट सुईनें साऱ्या टाक्यांतून ओवून घट्ट आवळावा व बाजू शिवून टाकावी. झाली टोपी!

जाड लोकरींत सुटलेला टाका दुरूनहि दिसतो. आम्ही हा तिचा गुणच समजतों. चूक दिसतांच मूल आपण होऊन उसवूं लागतें. घरीं आईनें मायेपोटीं ती चूक स्वतः दुरुस्त करून देऊं नये, एवढीच विनंती.

त्या मुलाची टोपी दोनदां उसवून तिसऱ्यांदां पुरी झाली. शिवण किंचित् वांकडी आहे. थंडी असो वा नसो, सकाळीं तो ती घालूनच शाळेंत येतो.