मुले निजल्यानंतर

आपल्याकडे लग्नाचा थाट मोठा. पण लग्न झालेल्या दोघांनी पुढे कधी निवांत बसून बोलावे, याची सोय घरात कुणी केलेली नसते. देवघर असते, माजघर असते, पाहुण्यांसाठी ओसरी असते. दोघांचे असे काही नसते. मुले झाली की विषयच संपला. ‘आता काय, मुलांचं बघायचं’ असे वडीलधारे म्हणतात आणि तिशीतले जोडपे निमूट मान डोलावते. हा निमूटपणा मला धोक्याचा वाटतो.

ही अडचण आजची नव्हे. रमाबाईंचे लग्न १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी महादेव गोविंद रानड्यांशी झाले. पतीने त्यांना शिकवायला घेतले आणि घरातल्या बायकांनी त्याला विरोध केला. १९१० साली प्रसिद्ध झालेल्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या पुस्तकात ते सारे आले आहे. मला त्यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या नात्याची खरी जवळीक पाटी-पुस्तकाच्या निमित्ताने, दिवसभराची कामे उरकल्यावर मिळालेल्या वेळात वाढली. वाड्यात माणसे भरपूर होती, पण त्यांनी आपला वेळ राखून ठेवला होता.

पुढे वाडे गेले आणि चाळी आल्या. राजा ठाकूर यांचा ‘मुंबईचा जावई’ हा चित्रपट १९७० साली आला आणि १९७२ साली ‘पिया का घर’ या नावाने तो हिंदीतही झाला. नव्या जोडप्याला भरल्या घरात एकांत मिळू नये, एवढाच त्याचा विषय. पाहताना हसू येते. पण २०११ च्या जनगणनेत देशातली सुमारे ३७ टक्के कुटुंबे एकाच खोलीत राहत होती, हे कळल्यावर ते हसू ओसरते.

मी बँकेत अधिकारी असताना काही वर्षे परतूरला होतो. मीटरगेज गाडीचे दिवस. जालना जिल्हा १९८१ साली झाला आणि परतूर तालुका परभणीतून त्यात आला; तरी गावातली जुनी माणसे बोलण्याच्या ओघात ‘आपला परभणी जिल्हा’ म्हणून जात. भाड्याच्या दोन खोल्या, वर गच्ची, पदरात दोन लहान मुले. कॅश टॅली होऊन घरी यायला साडेसात वाजत. हॉटेलात जाऊन जेवावे, सिनेमाला जावे, असे काही तिथे फारसे नव्हते. असते तरी मुले कुणाकडे ठेवणार? मग आम्ही एक रीत पाडली. मुलांना साडेआठला जेवू घालायचे, नऊला अंथरुणावर. भांडी मी घासायची, ओटा तिने आवरायचा. मग गच्चीच्या पायरीवर चहाचे दोन कप आणि ट्रान्झिस्टरवर विविध भारतीचे ‘छायागीत’.

हे सगळे सुरळीत होई असे नाही. गाणे रंगात आले की थोरलीला तहान लागे. तिचे पाणी पिऊन होते न होते तोच धाकट्याला शू. एकदा थोरलीने दारात उभी राहून विचारले, ‘‘तुम्ही दोघं मला सोडून काय बोलता?’’ बायको म्हणाली, ‘‘अगं, तुझ्याचबद्दल.’’ ते खरेच होते. शाळेची फी, धाकट्याचा खोकला, गावाकडे पाठवायचे पैसे, एवढेच आम्ही बोलत होतो. त्या रात्री तिनेच नियम केला, ‘‘अहो, पहिला अर्धा तास मुलं नाहीत, सासर-माहेर नाही, बँक नाही.’’ पहिले चार दिवस आम्ही दोघेही गप्प! काय बोलावे, सुचेना. पाचव्या दिवशी तिने लहानपणीच्या एका भीतीची गोष्ट सांगितली. सात वर्षांच्या संसारात मी ती प्रथमच ऐकत होतो.

यावर कुणी म्हणेल, हे नोकरदारांचे चोचले झाले. तो आक्षेप मला मान्य आहे, म्हणूनच त्याचा विचार केला पाहिजे. परतूर, मंठा, घनसावंगी या भागातून दिवाळीच्या सुमारास माणसे ऊसतोडीला निघतात. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ लिहिला जातो आणि त्या कोयत्यावर उचल दिली जाते. दोघे चोवीस तास बरोबर. पहाटे अंधारात फडात जायचे, दिवसभर मोळ्या बांधायच्या, बैलगाडी असो की ट्रॅक्टर, भरून द्यायची, आणि रात्री पोरांसह एका कोपीत पडायचे. त्या कोपीला धड दार नसते. एवढे बरोबर राहूनही त्या दोघांना एकमेकांसाठी घडीभर मिळत नाही. म्हणजे प्रश्न प्रेमाचा नाही. दमलेल्या अंगाचा, पाण्याच्या हंड्याचा आणि दाराच्या कडीचा आहे. साखरशाळा, हंगामी वसतिगृहे यांवर आपण बोलतो, ते योग्यच. पण तळावर कडी लागणारे दार आणि हाताशी पाणी हीसुद्धा माणसासारख्या संसाराची मागणी आहे, आणि ती लाजून न बोलण्यासारखी नाही.

ज्यांच्या दाराला कडी आहे, त्यांची कथा वेगळी. आज परतुरातही स्वतंत्र बेडरूमची घरे झाली, आणि त्या खोलीत दोघे दोन मोबाईल घेऊन पाठ करून बसतात. लग्नाच्या वाढदिवसाला फुगे, केक, फोटो. बाकीचे ३६४ दिवस कोरडे. मी बँकेतला माणूस, मला आवर्ती ठेव कळते. रक्कम लहान असली तरी चालते, हप्ता चुकता कामा नये.

मुलांचे यात नुकसान होते असे मला वाटत नाही. आई-बाबा एकमेकांशी हसून बोलतात, बाबा भांडी घासतात, आणि घरातला काही वेळ आपला नसतो, हे मुलाला लहानपणी कळले तर उद्या त्याच्या संसाराला ते उपयोगीच पडेल. मध्येच तो पाणी मागायला आला तर द्यावे आणि पुन्हा येऊन बसावे.

मुले एक दिवस पुण्याला, हैदराबादला जातातच. त्या दिवशी घरात उरलेली दोन माणसे एकमेकांची ओळखीची असली पाहिजेत. ती ओळख निवृत्तीनंतर करून घेऊ म्हटले तर फार उशीर झालेला असतो. ती मुले लहान असतानाच, रात्री नऊनंतर, रोज थोडी थोडी करून घ्यावी लागते. आणि त्याची सुरुवात, नवरे मंडळींनी नीट ऐकावे, मोरीतल्या भांड्यांपासून होते.