विश्लेषण : जर्मन शिकणाऱ्यांना डिजिटल साक्षरता का हवी?

गोंदिया जिल्ह्यातील अनेक मुलांना घरी पोवारी किंवा झाडीबोली, शाळेत मराठी आणि बाजारात हिंदी अशा तीन भाषा ऐकून-ऐकूनच येतात. परदेशी भाषा मात्र बहुतेकांना मोबाइलवरूनच गाठावी लागते. धडे, परीक्षेची नोंदणी, नोकरीचा अर्ज आणि फसवणूक, सगळे त्याच पडद्यावर येते.

जर्मनची चर्चा कशामुळे?

जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याला कुशल मनुष्यबळ पुरवण्यासाठी महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये करार केला. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, वाहनचालक अशा कामांसाठी १० हजार तरुणांना पाठवण्याचे आणि त्याआधी जर्मन शिकवण्याचे ठरले. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीने कुशल भारतीयांसाठीची वार्षिक व्हिसासंख्या २० हजारांवरून ९० हजार करण्याची घोषणा केली. संधी वाढल्या, तसे ‘हमखास नोकरी’चे संदेशही वाढले.

फक्त अ‍ॅपवर भाषा येते का?

सुरुवातीला मदत होते, पण पुढे कमी पडते. युरोपात भाषेचे ए-१ ते सी-२ असे सहा स्तर मानले जातात. परिचारिकेला पूर्ण मान्यतेसाठी साधारणपणे बी-२ लागतो. परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण तपासले जाते. अ‍ॅपवर मात्र बहुतेक वेळा पर्यायावर बोट ठेवले की काम होते. ‘डॉइचे वेले’चा ‘निकोस वेग’ हा ए-१ ते बी-१ पर्यंतचा अभ्यासक्रम मोफत आहे. तो करताना स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐकावा आणि फोनमध्ये जर्मन कीबोर्ड सुरू करावा. ‘ओ’ या अक्षरावरचे दोन ठिपके राहिले, तर ‘श्योन’ म्हणजे सुंदर याचे ‘शोन’ म्हणजे आधीच होते.

एआयची मदत घ्यावी का?

चूक समजून घेण्यासाठी जरूर घ्यावी. मात्र संपूर्ण अर्ज एआयकडून लिहून घेतला, तर मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला अडखळायला होते. अर्जात स्वतःला बोलून दाखवता येईल तेवढीच जर्मन असावी.

खरी संधी कशी ओळखावी?

परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटला परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते. त्याचे नाव आणि परवाना चालू आहे का, हे ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवर पाहता येते. पोर्टलचा पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’ने संपतो का, हेही पाहावे. एजंटला सेवाशुल्क म्हणून कमाल ३० हजार रुपये आणि त्यावर जीएसटी घेता येतो, पावती मागावी. जर्मन सरकारच्या ‘मेक इट इन जर्मनी’ संकेतस्थळावर व्हिसाचे नियम मिळतात. ‘परीक्षेशिवाय प्रमाणपत्र’ किंवा ‘आजच पैसे भरा, नाहीतर जागा जाईल’ असे कोणी म्हटले, तर तिथेच थांबावे.

फसवणूक झाल्यास?

लगेच १९३० वर फोन करावा. जितक्या लवकर तक्रार, तितकी पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त. संदेश, पावत्या, क्रमांक पुसू नयेत. तेच पुरावे असतात. संकोचाने घरच्यांपासून लपवू नये. अनेकदा शेतीच्या किंवा कर्जाच्या पैशावर हे स्वप्न उभे असते. म्हणून भाषेच्या पहिल्या धड्याबरोबरच संकेतस्थळ आणि परवाना तपासण्याची सवयही लावून घ्यायला हवी.