मानेतलं इंजेक्शन आणि सहीचा कागद

पहिल्या आठवड्यात मान अवघडते, दुसऱ्यात हाताला मुंग्या येतात, एमआरआय निघतो, आणि तिसऱ्या आठवड्यात कुणीतरी सांगतं, ‘मणक्यात एक इंजेक्शन देऊ, संध्याकाळी घरी.’ ही सोय आता जिल्ह्याच्या गावांपर्यंत पोचली आहे, आणि ती पोचावीच. पण टेबलावर जायच्या पाच मिनिटं आधी जो इंग्रजी कागद सहीसाठी पुढे येतो, त्याबद्दल काही मुद्दे मांडायचे आहेत.

१. हे इंजेक्शन काय करतं, ते आधी. दोन मणक्यांमधली चकती फाटली की आतला मऊ गर बाहेर येतो आणि हाताकडे जाणाऱ्या नसेच्या मुळाशी टेकतो. दाब असतोच, पण त्या गरामुळे मुळाला येणारी सूजही तितकीच छळते. इंजेक्शनातलं स्टिरॉइड ती सूज उतरवतं. ते गर आत ढकलत नाही की चकती शिवत नाही. ‘गादी जागेवर बसवणारं इंजेक्शन’ असं जो म्हणेल, त्याच्याकडून सुई घेऊ नये.

२. बाहेर आलेला गर पुष्कळदा शरीरच हळूहळू जिरवतं. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये १९७६ ते १९९० या काळात मानेतली नस दबलेल्या ५६१ रुग्णांचा मागोवा घेतला गेला. शेवटच्या नोंदीच्या वेळी त्यांतल्या ९० टक्के लोकांना त्रास उरला नव्हता किंवा किरकोळ होता. २६ टक्क्यांवर शस्त्रक्रिया झाली होती, हेही सांगायला हवं. तरी थांबून पाहणं हा खरा पर्याय आहे, आणि तो कागदावर क्वचितच दिसतो.

३. एमआरआयच्या रिपोर्टला घाबरून सही करू नये. जपानमध्ये कसलीही तक्रार नसलेल्या १,२११ जणांच्या मानेचे एमआरआय काढले, तर ८७.६ टक्के लोकांच्या चकत्या फुगलेल्या निघाल्या. रिपोर्टमधली नस आणि कळ जाणारं बोट यांचा मेळ बसतो का, हे तपासणाऱ्याने हात लावून पाहायचं असतं. उलट शर्टाचं बटण लावता येईना, चालताना तोल जायला लागला, लघवीवरचा ताबा सुटला, तर मज्जारज्जू दबत असण्याची शक्यता असते. तिथे इंजेक्शनात दिवस घालवू नयेत, थेट मणक्याच्या सर्जनकडे जावं.

४. आता मुख्य गोष्ट. ‘कमरेत घेतलं होतं, तसंच मानेत’ हे वाक्य मी अनेकांच्या तोंडून ऐकलं आहे आणि ते धोक्याचं आहे. मानेत नस ज्या छिद्रातून बाहेर पडते, त्याच्या शेजारूनच मेंदूच्या मागच्या भागाला रक्त देणारी धमनी वर जाते, आणि मज्जारज्जूला रक्त पोचवणाऱ्या बारीक धमन्याही तिथेच असतात. मिथाइलप्रेडनिसोलोन आणि ट्रायॅमसिनोलोन ही स्टिरॉइडं पाण्यात पुरती विरघळत नाहीत, त्यांत कण असतात. सुई चुकून धमनीत गेली आणि हे कण रक्तात शिरले, तर मेंदूचा किंवा मज्जारज्जूचा रक्तपुरवठा अडू शकतो. डेक्सामेथासोन विरघळतं, त्यात असे कण नसतात. एप्रिल २०१४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने मणक्यातल्या स्टिरॉइड इंजेक्शनांबद्दल इशारा दिला: क्वचित, पण दृष्टी जाणं, पक्षाघात, लुळेपणा, मृत्यू. या वापरासाठी ही औषधं मंजूर नाहीत, हेही त्याने तिथेच नोंदवलं. पुढच्या वर्षी तज्ज्ञांच्या गटाने सूचना काढल्या. मानेत बाजूने सुई घालायची तर कणांचं स्टिरॉइड वापरू नये. मागून घालायची तर मानेच्या तळाशी, सहाव्या-सातव्या मणक्यांच्या मधल्या जागेच्या वर जाऊ नये, आणि आधी एमआरआय पाहून तिथे जागा आहे याची खात्री करावी. सुई कुठे पोचली ते क्ष-किरणाच्या पडद्यावर, रंगद्रव्य सोडून पाहावं. यासाठी फार महागडी यंत्रं लागत नाहीत. सी-आर्म हे क्ष-किरणाचं यंत्र लागतं, योग्य कुपी लागते आणि धीर लागतो.

५. मग हे इंजेक्शन द्यावंच कशाला? रात्र-रात्र हात डोक्यावर धरून बसलेल्या माणसाला काही आठवडे झोप मिळाली, तर तेही कमी नाही. अमेरिकेतल्या न्यूरॉलॉजिस्टांच्या अकादमीने २०२५ मध्ये अभ्यास तपासले आणि नस दबलेल्यांना तीन महिन्यांपर्यंत थोडा आराम मिळू शकतो असं म्हटलं. मात्र बहुतेक अभ्यास कमरेचे होते, मानेचं चित्र धूसरच राहिलं. त्याच वर्षी ‘बीएमजे’मधल्या मार्गदर्शिकेने तीन महिन्यांहून जुन्या दुखण्यात अशा इंजेक्शनांच्या विरोधात ठाम शिफारस केली. म्हणजे अगदी बाद करावी अशी ही गोष्ट नाही, पण डोळे मिटून घ्यावी अशीही नाही. अशा वेळी निवड रुग्णाची असते, आणि निवडायला माहिती लागते.

६. कायदा काय म्हणतो? समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या २००८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की उपचाराचं स्वरूप, पर्याय, महत्त्वाचे धोके आणि नकार दिल्यास काय होईल हे कळल्यावर दिलेली संमती हीच संमती. त्याच निकालात दूरचे, केवळ तात्त्विक धोके सांगायची गरज नाही, रुग्ण घाबरून आवश्यक उपचार नाकारेल, असंही आहे. डॉक्टर मंडळी याच वाक्याचा आधार घेतील. पण मानेतलं हे इंजेक्शन जीव वाचवणारं नाही, थांबण्याचा पर्याय उघडा असतो, आणि यातला सगळ्यात मोठा धोका कुठली कुपी उघडली यावर बऱ्याच अंशी ठरतो. जो धोका औषध बदलून कमी करता येतो, त्याला तात्त्विक कसं म्हणायचं? महाराष्ट्रात २०२१ च्या शुश्रूषागृह नियमांनुसार रुग्ण हक्कांची सनद भिंतीवर लावावी लागते. भिंतीवरचा हक्क कागदावर उतरवायला आरोग्य खात्याला कुणी अडवलेलं नाही.

७. मागणी एका पानाची आहे, मराठीत: औषधाचं नाव, सुई मागून की बाजूने, कुठल्या मणक्यांमधून, पडद्यावर पाहून की अंदाजाने, न घेतल्यास काय, आणि सुई देणाऱ्याचं नाव. हे पान आदल्या दिवशी हातात पडावं आणि त्याची प्रत घरी न्यायला मिळावी. मधुमेही माणसासाठी एक ओळ वाढवावी, की पुढचे काही दिवस साखर चढेल, तेव्हा तपासत राहा.

८. प्रत घरी का? २०१२ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या एका कंपनीच्या मिथाइलप्रेडनिसोलोनच्या कुप्यांत बुरशी निघाली. ७५३ जण आजारी पडले, त्यांतले ६४ दगावले. पण सुई घेतलेल्या सुमारे १४,००० लोकांना शोधून सावध करता आलं, कारण कुठल्या दवाखान्यात कुठली कुपी गेली याच्या नोंदी होत्या. आपल्याकडेही औषधाच्या दुष्परिणामाची तक्रार रुग्ण स्वतः नोंदवू शकतो. गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडे १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक त्यासाठीच आहे. तिथे औषधाचं नाव विचारतात. डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘ब्लॉक दिला’ एवढंच लिहिलेलं असेल, तर सांगणार काय?