शब्द फोडा, आकडा विचारा

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहात? मग लांबलचक वैद्यकीय शब्द घोकत बसू नका. व्याकरणात संधी सोडवतो तसे फोडा. शेवटी ‘आयटिस’ आला की दाह, जसे अपेंडिसायटिस. ‘एक्टॉमी’ आली की तो भाग काढून टाकणे, म्हणजे अपेंडेक्टॉमी. हे लवकर जमते.

जपायचे ते ‘हायपर’ आणि ‘हायपो’ला. हायपर म्हणजे जास्त, हायपो म्हणजे कमी. पण फोनवर, वॉर्डातल्या गोंगाटात दोन्ही सारखेच ऐकू येतात. हायपोग्लायसेमियात रक्तातली साखर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली उतरलेली असते. तिथे ‘हायपर’ समजून इन्सुलिन दिले, तर रुग्णाच्या जिवावर बेतते. म्हणून निरोप घेताना आकडा विचारा, लिहून घ्या, परत वाचून दाखवा. सिस्टर घाईत असल्या तरीही!