आव्हान टाळण्याची सोय नको

यंदाच्या आंतर-हाउस टेनिस स्पर्धेत मी पहिल्याच फेरीत हरलो. अर्ध्या तासात सामना संपला आणि माझे वर्षभराचे टेनिसही संपले, कारण स्पर्धा बाद पद्धतीची होती. हे रडगाणे नाही, हिशोब आहे. १६ खेळाडू असले की बाद पद्धतीत १५ सामने होतात आणि ८ जण एकच सामना खेळून प्रेक्षकांत जाऊन बसतात. साखळी पद्धतीने सगळ्यांना सगळ्यांशी खेळवायचे तर १२० सामने लागतील. पीटी, गेम्स आणि प्रेप यांमध्ये एवढ्या संध्याकाळी कुठून आणायच्या?

तिसरी पद्धत मी घरी पाहिली आहे. माझे घर भिलाईत, जुनवानीला. सोव्हिएत रशियाशी १९५५ साली करार होऊन तिथे पोलाद कारखाना उभा राहिला आणि १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी सुरू झाली. माझे आजोबा पुढे बऱ्याच वर्षांनी नागपूरकडून तिथे नोकरीला गेले. आमच्या कॉलनीत एकच टेनिस कोर्ट आहे. मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो, म्हणून पहाटे साडेपाचला खेळ सुरू होतो. कोर्टाशेजारच्या भिंतीवर एक लाकडी फळा आहे. त्यात पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर खेळाडूंची नावे एकाखाली एक खोचलेली असतात. हीच शिडी.

नवा खेळाडू सर्वांत खालच्या पायरीवर येतो, मग तो कोणीही असो. आपल्या वरच्या तीन जणांपैकी कोणालाही आव्हान देता येते. समजा नवव्याने सहाव्याला आव्हान दिले आणि जिंकला, तर तो सहावा होतो आणि मधले सगळे एकेक पायरी खाली येतात. हरला तर फळा जसाच्या तसा राहतो, पण त्याच माणसाला पुन्हा आव्हान द्यायला दोन आठवडे थांबावे लागते. पंच नसतो. आपल्या बाजूचा चेंडू आत की बाहेर, हे आपणच प्रामाणिकपणे सांगायचे. हरणारा कधी बाहेर फेकला जात नाही आणि सामना बहुतेक वेळा तोडीस तोड होतो. मला सर्वांत आवडते ते हे की कारखान्यातला निवृत्त फोरमन तिथे एका मोठ्या साहेबांच्या दोन पायऱ्या वर आहे. साहेब त्याला कोर्टवर ‘दादा’ म्हणतात.

पण या शिडीत एक भोक आहे, आणि ते मीच वापरले. आव्हान आल्यावर किती दिवसांत खेळायचे, हे आमच्याकडे कुठेच लिहिलेले नाही. गेल्या उन्हाळ्यात मी आठवा होतो. नवव्या पायरीवरच्या काकांनी मला आव्हान दिले. वय अठ्ठावन्न, पण त्यांचा स्लाइस असा खाली राहतो की मला रॅकेट खाली घालायलाही वेळ मिळत नाही. मी हरणार, हे मला माहीत होते. पहिल्यांदा मी म्हणालो पाय दुखतोय, दुसऱ्यांदा मामाकडे जायचे आहे. तिसऱ्यांदा त्यांनी विचारले तेव्हा माझी ट्रंक भरून झाली होती. ते म्हणाले, “अरे, दिवाळीत खेळू.” दिवाळीत गेलो तर गुडघ्यामुळे त्यांचा खेळ बंद झाला होता आणि फळ्यावरची त्यांची पट्टी काढलेली होती. माझी मात्र आठव्या पायरीवरच होती. कोणी काही बोलले नाही. काकांनी तर अभ्यासाची चौकशी केली.

तेव्हापासून माझे ठाम मत झाले आहे की मुदत नसलेली शिडी ही नुसती यादी असते. व्यावसायिक टेनिसमध्येही जागा अडवून बसता येत नाही. तिथे ऑगस्ट १९७३ पासून संगणकीय क्रमवारी आहे. पहिला अव्वल खेळाडू होता रुमानियाचा इली नास्तासे. आज या क्रमवारीत गेल्या ५२ आठवड्यांचे गुण धरतात. वर्षापूर्वीचे गुण गळून जातात आणि ते पुन्हा खेळूनच मिळवावे लागतात.

आपल्या शाळेत अशी शिडी सुरू करावी, असे मला वाटते. एक शंका लगेच येईल, आणि एका मित्राने ती घेतलीही. सातवीतल्या कॅडेटने दहावीतल्या सिनियरला आव्हान दिले तर शिस्तीचे काय? मला यात अडचण दिसत नाही. कोर्टवर जाताना तो सिनियरला विश करेल, सामना संपल्यावरही करेल. मधल्या तासाभरात गुण मोजायचे, इयत्ता नाही. उलट सिनियरने आव्हान टाळले तर ज्युनियर काय शिकेल, याचीच मला जास्त काळजी वाटते.

फळा मेसच्या दाराशी लावता येईल, म्हणजे दिवसातून तीनदा सगळ्यांच्या नजरेस पडेल. आव्हान दिल्याची तारीख पट्टीवर लिहावी आणि सात दिवसांत सामना व्हावा, नाहीतर आव्हान देणाऱ्याला पुढे चाल. परीक्षा आणि सुट्ट्यांत शिडी गोठवावी. आजारपणात मुदत वाढवावी, पण एमआय रूमची चिठ्ठी असेल तरच. नुसते ‘पाय दुखतोय’ चालू नये. ते किती खरे वाटेल असे सांगता येते, हे मला माहीत आहे.