थंड हवेच्या ठिकाणीही ऊन लागतं

"डॉक्टर, लोणावळ्यात कुठे ऊन लागतं?" चैत्र लागला की हा प्रश्न हमखास ऐकू येतो. वलवणच्या तलावावरून संध्याकाळी गार वारा येतो, पहाटे पांघरूण ओढावं लागतं, त्यामुळे असं वाटणं साहजिक आहे. पण जरा आकडे बघा. समुद्रसपाटीपासून लोणावळ्याची उंची सुमारे ६२५ मीटर, पुण्याची सुमारे ५६०. दर हजार मीटरला तापमान साधारण सहा अंशांनी उतरतं. म्हणजे नुसत्या उंचीमुळे पुण्यापेक्षा आपल्याला अर्ध्या अंशाचाही फायदा मिळत नाही. रात्री गार असतात, पण दुपारचं ऊन ऊनच असतं.

दुसरा गैरसमज म्हणजे, "खरा उन्हाळा मे महिन्यात, आत्तापासून काय काळजी करायची?" माझ्या मते वसंत सरून उन्हाळा लागतानाचे दिवस जास्त फसवे असतात. शरीराला उष्णतेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. सवय झालेल्या शरीराला घाम लवकर आणि जास्त येतो, घामातून मीठ कमी जातं, हृदयावरचा ताण कमी होतो. पहिल्या दिवसांत ही तयारी झालेली नसते. १६ एप्रिल २०२३ रोजी आपल्या घाटाखाली, खारघरच्या उघड्या मैदानावर, महाराष्ट्र भूषण सोहळ्याला आलेल्या १४ जणांचा जीव गेला. तेव्हा चैत्रही संपला नव्हता.

आपल्या पूर्वजांनी हे ओळखलं होतं. वाग्भटाने जाणाऱ्या ऋतूचे शेवटचे सात आणि येणाऱ्या ऋतूचे पहिले सात दिवस यांना ऋतुसंधी म्हटलं आहे. या दिवसांत जुनी सवय हळूहळू सोडावी, नवी हळूहळू धरावी, असा त्याचा सल्ला. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचं कैरीचं पन्हंही याच दिवसांतलं. त्यातून पाणी, मीठ आणि गूळ तिन्ही मिळतात. मधुमेह असेल तर गूळ आणि रक्तदाब असेल तर मीठ मात्र बेताने घ्या.

पण नुसतं पन्हं पुरत नाही, दिवसाचं वेळापत्रक बदलायला हवं. इटलीत अनेक गावांमध्ये आजही दुपारी दुकानं बंद असतात. पुण्यातल्या 'एक ते चार बंद'च्या पाटीला आपण हसतो, पण उन्हाळ्यात ती आरोग्याची पाटी आहे! एकविरेच्या यात्रेला किंवा लोहगडावर जायचं असेल, तर सकाळी लवकर चढा आणि दहा-अकराच्या आत खाली या.

तुम्ही-आम्ही दुपारी पंखा लावून पडू शकतो. बंगल्याच्या स्लॅबवर काम करणाऱ्या मजुराला, चिक्कीच्या भट्टीपाशी उभ्या असलेल्या ताईला ती मुभा नाही. त्यांची वेळ त्यांच्या हातात नसते, काम देणाऱ्याच्या हातात असते. म्हणून माझी विनंती तुम्हाला आहे. घराचं काम काढलं असेल, तर ते सकाळी सातला सुरू करा, बारा ते चार थांबवा, सावली आणि पाणी द्या. नवीन माणसाला पहिला आठवडा हलकं काम द्या. आणि त्याची मजुरी कापू नका, नाहीतर तो सावलीत बसणारच नाही.

चक्कर, डोकेदुखी, मळमळ, पोटरीत गोळे आले, तर काम थांबवून सावलीत बसा, ओआरएस प्या. माणूस असंबद्ध बोलू लागला, शुद्ध हरपू लागली आणि अंग तापलेलं असेल, तर तो उष्माघात समजा. घाम येत असला तरीही! लगेच १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत अंगावर भरपूर पाणी ओता, वारा घाला. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही.

रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर ती स्वतःहून बंद करू नका. उन्हाळ्यापुरता डोस बदलायचा का, हे आपल्या डॉक्टरांना आत्ताच विचारून घ्या.