हाक मारायला उशीर

दिवाळी येईपर्यंत कर्जत-खालापूरच्या नद्या निवळलेल्या असतात. उल्हास, पेज, पाताळगंगा यांचा गढूळपणा खाली बसतो, धबधबे बारीक होतात, आणि पावसाळ्याच्या तोंडावर निघणाऱ्या मनाई आदेशांची मुदतही संपून गेलेली असते. मग या भागाचा दुसरा हंगाम सुरू होतो. मुंबई-पुण्याच्या माणसांनी फार्महाऊस भरतात, धरणांच्या कडेला तंबू पडतात, नाताळ ते ३१ डिसेंबर तर जागा मिळत नाही. येणाऱ्यांत कॉलेजच्या मुलामुलींची संख्या मोठी असते, आणि त्यांतले काही परत येत नाहीत. रात्री मित्रांसोबत होता, पहाटे दिसेनासा झाला, दोन दिवसांनी पाण्यात सापडला, ही बातमी आता इतकी ओळखीची झाली आहे की वर्तमानपत्रे ती चार ओळींत उरकतात. सणाच्या अंकाच्या पहिल्या पानावर हा विषय कशाला, असे कुणी विचारील. याच सुट्टीत वाचकांच्या घरची मुले बाहेर पडणार आहेत, एवढेच त्याचे उत्तर.

२१ जून २०२४ रोजी वांद्र्याच्या रिझवी महाविद्यालयाचे ३७ विद्यार्थी खालापूर तालुक्यात सोंडाई किल्ल्यावर आले होते. परतताना ते वावर्ले गावाजवळ धावरी नदीवरच्या सत्य साई बंधाऱ्यावर थांबले. चौघे बुडाले. दिवसाढवळ्या, सोबत तीस-पस्तीस जण असताना. त्यानंतर नऊच दिवसांनी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले, आणि मग सरकारी यंत्रणेने नेहमीचे केले: मनाई, फलक, बंदोबस्त. पूर्वी हे आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. कलम बदलले, आदेशाची रीत तीच राहिली. त्यात धबधब्यांची आणि धरणांची नावे असतात आणि पावसाळ्याच्या तारखा असतात. पाण्याला मात्र यादीशी किंवा तारखेशी कर्तव्य नसते. कर्जत-खालापूरच्याच रायगड जिल्ह्यात मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले, तो दिवस १ फेब्रुवारी २०१६ होता. तेव्हा पाऊस नव्हता, नदीला पूर नव्हता, होती ती सहलीची दुपार.

आमचे म्हणणे असे की मनाईने पाण्याचा धोका तसाच राहतो, आणि पाण्याजवळ असणे तेवढे गुन्हा ठरते. त्या धास्तीने मुले संकटात हाक मारायला उशीर करतात, आणि बुडण्यात उशिराला जागाच नसते. हे समजायला माणूस बुडतो कसा ते नीट पाहिले पाहिजे. सिनेमातला बुडणारा हात हलवतो, ओरडतो. खराखुरा बुडणारा बहुधा गप्प असतो. तोंड पाण्याच्या वर येते तेवढ्या क्षणात त्याला श्वास घ्यायचा असतो, ओरडायला वाव नसतो. हात वर जात नाहीत, तो ते आडवे पसरून पाणी खाली दाबत राहतो. वीस सेकंद ते एक मिनिट, एवढाच खेळ. काठावरच्या मित्रांना वाटते की तो मस्करी करतोय. पाण्याखाली गेल्यावर प्राणवायूविना मेंदूला चार-सहा मिनिटांत कायमची इजा होऊ लागते. बंधाऱ्यावर यात आणखी एक फसवणूक असते. भिंतीवरून पडणारे पाणी तळाशी जाऊन पुन्हा भिंतीकडे वळते, आणि त्या गुंडाळीत सापडलेल्याला ते वर येऊ देत नाही. वरून दिसतो तो फक्त पांढरा फेस, तोही कमरेएवढ्या पाण्यात असावा असा. शेवाळलेला उतार, तळाचा गाळ आणि अंगावर भिजून जड झालेली जीन्स, यापुढे पट्टीचा पोहणाराही हतबल होतो. याचा अर्थ सरळ आहे. जो वाचवू शकतो तो त्या क्षणी तिथे हजर असलेलाच. बाकी सगळे, कितीही धावपळीने आले तरी, बहुतेक वेळा मृतदेह काढायला येतात.

हिवाळ्यात नदी शांत असते म्हणून ती सुरक्षित, हाही या भागापुरता गैरसमजच. पाताळगंगा आणि पेज या नुसत्या पावसाच्या नद्या नाहीत. घाटावर अडवलेले पाणी डोंगरातून नळांनी खाली आणून टाटांनी १९१५ मध्ये खोपोलीला आणि १९२२ मध्ये भिवपुरीला वीजघर सुरू केले. जनित्रे फिरवून झालेले पाणी या दोन नद्यांत सोडले जाते, म्हणून त्या भर उन्हाळ्यातही वाहतात. कर्जतच्या भातशेतीला आणि आता रिसॉर्टवाल्यांना हे वरदानच आहे. पण मुंबईची विजेची गरज वाढली की जनित्रे चालतात आणि पात्रातले पाणी वाढते, हे पुलाखालच्या खडकावर बसलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला कुणी सांगितलेले नसते. ८ जून २०१४ रोजी हिमाचलमधल्या बियास नदीत हैदराबादचे २४ अभियांत्रिकी विद्यार्थी वाहून गेले ते लारजी धरणातून अचानक सोडलेल्या पाण्याने. तिथल्या उच्च न्यायालयाने प्रत्येक कुटुंबाला वीस लाख रुपये भरपाई ठरवली आणि तिचा भार वीज मंडळ, महाविद्यालय आणि राज्य सरकार अशा तिघांवर वाटून टाकला. मुले स्वतःच पाण्यात उतरली, एवढे सांगून कुणाला सुटता आले नाही.

आता रात्रीकडे येऊ. महाराष्ट्रात कडक दारू पिण्यासाठी वय पंचवीस पूर्ण लागते, बिअर-वाईनला एकवीस. कॉलेजातली बहुतेक मुले म्हणजे कायद्याने दारूला शिवूही नये अशी. तरीही ती पितात, हे आईवडिलांना, रखवालदाराला आणि पोलिसांना माहीत असते. घरी ‘मैत्रिणीकडे अभ्यासाला’ किंवा ‘ट्रेकला’ असे सांगितलेले असते. फार्महाऊसची नोंदणी एका नावावर आणि राहणारे बारा. दारू पिऊन अंदाज चुकतो आणि तोल जातो हे उघड आहे, त्याबद्दल पाने खर्ची घालण्याची गरज नाही. पुढचे जास्त महत्त्वाचे. तीन वाजता एक जण दिसत नाही. बाकीच्यांपुढे आता चार भीत्या उभ्या असतात: घरची, कॉलेजची, पोलिसांची आणि, मनाईच्या दिवसांत, आदेश मोडल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ ची. मग ‘येईल, कुठे जातोय’ असे एकमेकांना समजावत पहाट उजाडते. प्रत्येक वेळी असेच होते असे आम्ही म्हणत नाही. जिवावर उदार होऊन उडी मारणारे आणि मित्राबरोबर स्वतःही जाणारे बुडालेल्यांच्या यादीत भरपूर आहेत. पण भ्यालेली माणसे गप्प बसतात हे कळायला मानसशास्त्राची पदवी लागत नाही. त्यात ‘चोवीस तास झाल्याशिवाय तक्रार घेत नाहीत’ ही समजूत कुठून तरी घट्ट बसली आहे. कायद्यात असा नियम नाही. हरवलेल्याची नोंद कोणत्याही पोलीस ठाण्याने तत्काळ घ्यायची असते, आणि ११२ हा क्रमांक रात्री तीनलाही चालू असतो.

या गप्प बसण्याची दुसरी किंमत मुलाचे घर मोजते. तो शेवटचा कुणाला दिसला, कोण कुठे होते, फोन बंद कधी झाला, यांची उत्तरे जुळत नाहीत. पोलीस ‘अकस्मात मृत्यू’ची नोंद करतात. आईवडिलांना घातपाताचा संशय येतो, आणि पहिल्या तासांचा हिशेब लागत नाही तोवर त्या संशयाला कुणी नावे ठेवू नयेत. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या ला क्रॉस या कॉलेजांच्या गावात १९९७ ते २००६ या काळात आठ तरुण नदीत बुडून गेले, बहुतेक मद्यालयातून बाहेर पडल्यावर. गावात खुनी फिरतोय अशी हवा झाली. २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या दोन निवृत्त गुप्तहेरांनी या आणि इतर राज्यांतल्या अशाच मृत्यूंमागे एक टोळी असून ती जवळपास हसऱ्या चेहऱ्याचे चित्र काढून जाते, असा तर्क मांडला. एफबीआयला त्याला आधार सापडला नाही. गावातल्या विद्यार्थ्यांनी मात्र त्याआधीच, २००६ च्या शरदात, एक साधी गोष्ट सुरू केली होती. मद्यालये बंद होण्याच्या वेळी नदीकाठच्या बागेत गस्त घालायची, झोकांड्या खात येणाऱ्याला हटकायचे, वळवायचे, घरी पोहोचवायचे. उपदेश नाही, दंड नाही. बुडणे त्यामुळे अजिबात थांबले असे नव्हे, पण काठावरून मागे फिरवलेल्यांची संख्या बरीच भरली.

आमची मागणीही तशीच: सरसकट मनाईऐवजी काठावर जागता माणूस, आणि वेळेवर हाक मारणाऱ्या मित्रांना अभय. यावर पहिला आक्षेप तहसीलदारांचा असेल आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस कोसळत असताना पायथ्याला ऊन असू शकते. ओढा दहा मिनिटांत छातीएवढा होतो. दोन तालुक्यांत शेकडो पाणवठे आणि हाताशी मोजके पोलीस. अशा वेळी मनाई करू नये तर काय करावे? जरूर करावी, पण हवामान खात्याचा लाल इशारा असेल त्या दिवसांपुरती, आणि तेव्हा ती खरोखर राबवावी. सबंध हंगामाची सरसकट मनाई कुणीच राबवू शकत नाही. नाक्यावर पोलीस दिसला की गाड्या आडवाटेने अनोळखी बंधाऱ्यावर जातात, जिथे हाकेला गावही नसते. साप सोडून भुई धोपटायची ती ही. गावकऱ्यांची तक्रार वेगळी आहे आणि ती शंभर टक्के खरी आहे. भाताच्या खाचरात फुटलेल्या बाटल्या, रात्रभर गाणी, पाण्याला जाणाऱ्या बायकांकडे पाहून शेरे, हे त्यांनी का सोसावे? सोसू नये. पण पर्यटक येणारच असतील तर त्यांच्यापासून गावाला उपद्रव तेवढा आणि पैसा फार्महाऊसच्या मालकाला, ही वाटणी आधी बदलायला हवी.

दुसरा आक्षेप जास्त धारदार आहे. मित्रांना अभय दिले तर बेजबाबदारपणा वाढेल, आणि एखादा खरा गुन्हाही त्याआड लपेल. अभय कशाला द्यायचे ते नेमके सांगितले तर ही अडचण राहत नाही. ढकलल्याला अभय नाही. मदतीसाठी तत्काळ फोन केला म्हणून दारूची किंवा मनाई मोडल्याची कारवाई नको, कॉलेजातून काढणे नको, एवढेच. शवविच्छेदन आणि तपास व्हायचा तो होईलच, उलट वेळेवर बोललेल्या साक्षीदारांमुळे बरा होईल. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाने दारूने बेशुद्ध पडलेल्या मित्रासाठी फोन करणाऱ्यांना २००२ पासून अशी सूट दिली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की मदतीचे फोन वाढले, पिण्याचे प्रमाण वाढले नाही. आपल्याकडेही हा विचार परका नाही. रस्त्यावरच्या जखमीला उचलणाऱ्याच्या मागे पोलिसांचे शुक्लकाष्ठ लागू नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मार्गदर्शक तत्त्वांना बळ दिले आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आले. ते फक्त मोटार अपघातापुरते आहे. नदीकाठावरच्याला तसले संरक्षण नाही, आणि राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ या एका वर्षात देशात ३८ हजारांहून अधिक माणसे बुडून मेली.

‘प्रौढ माणसाने आपला जीव सांभाळावा, करदात्याने का खर्च करावा’ हेही ऐकू येते. असे म्हणणाऱ्यांनी निदान एक्सप्रेसवेवरची रुग्णवाहिका कधी वापरू नये.

उरतो प्रश्न काठावर उभे कोण राहणार. इथे कर्जत-खालापूर नशीबवान आहे. खोपोलीत यशवंती हायकर्ससारखे गिर्यारोहक आणि अपघातग्रस्तांना मदत करणारे स्वयंसेवक आहेत. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा भर पावसात वर चढलेल्यांत ही मंडळी होती. घाटमाथ्यावर लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र आहेत. कोणत्या डोहात कपार आहे, कुठल्या बंधाऱ्याखाली पाणी गुंडाळते, हे वाडीवरच्या कातकरी-ठाकूर माणसांना तोंडपाठ असते. कारण मासे, खेकडे आणि पोट त्यावर चालते. आज यांना बोलावणे येते ते मृतदेह काढण्यासाठी, आणि मोबदला बहुधा शाबासकीचा. याच लोकांना आधी, पगारावर, काठावर का बसवू नये? गोव्याने २००८ पासून किनाऱ्यांवर पगारी जीवरक्षक नेमले. ते पर्यटकाला हाकलत नाहीत. इथे उतरा, तिथे नको, हे झेंड्याने सांगतात. अंधार पडल्यावर तिथेही पहारा विरळ होतो, आणि आपल्याला तर मुख्यतः रात्रीचाच विचार करायचा आहे. तेव्हा गोव्याची नक्कल पुरणार नाही. शनिवारची रात्र, गर्दीचे मोजके पाणवठे, प्रत्येक ठिकाणी दोन माणसे, एक हवेने भरलेली ट्यूब, वीस-तीस मीटर दोर, विजेरी, आणि छातीवर दाब देऊन श्वास चालू करण्याचे शिक्षण. शिक्षणासाठी केंद्राची आपदा मित्र योजना आहेच. पैसा फार्महाऊसच्या प्रत्येक रात्रीमागे थोडासा आकार लावून ग्रामपंचायतीला मिळू शकतो.

ग्रामपंचायतींची पुढच्या वर्षाची अंदाजपत्रके याच हिवाळ्यात ठरतात आणि २६ जानेवारीला ग्रामसभा बसते. वावर्ले, पळसदरी, भिवपुरी या भागातल्या सरपंचांनी तिथे हा खर्च मांडावा. वीज कंपनीकडे पाणी सोडण्याआधी पेज आणि पाताळगंगेच्या काठी भोंगा वाजवण्याची मागणी लेखी करावी. महाविद्यालयांनी सहलीच्या हमीपत्रावर पालकांची सही घेताना मुलांना ११२ आणि अभयाची लेखी हमीही द्यावी. ३१ डिसेंबर त्याआधीच येतो. तोवर फार्महाऊसच्या मालकांनी फाटकावर पाहुण्यांची गाडी आणि नावे लिहून घेताना गावातल्या एका पोहणाऱ्याचा फोन नंबर त्यांच्या हातात ठेवला, तरी सुरुवात होईल.